पूर्ण नाव

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. एखादे शिक्षक रजेवर असले की त्यांचा तास माझ्या वाट्याला येतो आणि आठवीच्या मुली लगेच गोष्टीचा हट्ट धरतात. अशाच एका तासाला मी त्यांना कॅथी फ्रीमनची गोष्ट सांगितली. ऑस्ट्रेलियातल्या मूलनिवासी म्हणजे ॲबोरिजिनल समाजातली ही मुलगी. पुढे ती ऑलिंपिकमध्ये ४०० मीटर धावून सुवर्णपदक जिंकली आणि आपल्या समाजाचा झेंडा साऱ्या जगासमोर घेऊन मैदानभर फिरली. गोष्ट रंगली. शेवटी शिक्षकी सवयीने मी तात्पर्यही सांगून टाकले, "आपली ओळख कधी लपवू नये. जो स्वतःलाच लपवतो, त्याला आत्मविश्वास कुठून येणार?"

मुलींनी टाळ्या वाजवल्या. मागच्या बाकावरच्या एका मुलीने मात्र टाळी वाजवली नाही. ती उभी राहिली आणि म्हणाली, "आपा, और जो छुपाते रहे, वो सब बुजदिल थे क्या?"

तेवढ्यात घंटा झाली. "कल बताती हूँ," असे म्हणून मी वेळ मारून नेली.

ही मुलगी स्वतः धावते. उन्हाळ्याच्या सुट्टीतल्या एका शिबिरात तिने आपले घरातले लाडाचे नाव सांगितले होते. ते नाव कोणाचेही असू शकते. त्या मैदानावर सगळे तिला त्याच नावाने हाक मारतात. आडनाव कुणी विचारले नाही, तिनेही सांगितले नाही. हे मला माहीत होते. माहीत असूनही ते वाक्य मी वर्गात बोलून गेले. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. तिला उत्तर द्यायचे, तर आधी मला स्वतःला उत्तर सापडायला हवे होते. ओळख लपवणे हा भ्याडपणा आहे का? ओळख झाकलेली असताना माणसाचा स्वतःवर विश्वास बसू शकतो का? गोष्ट ऑस्ट्रेलियाची होती, म्हणून उत्तरही मी तिथेच शोधायचे ठरवले.

क्रिकेटवेड्या वाचकांना डिसेंबर २०२० आठवत असेल. ॲडलेडला भारताचा डाव ३६ धावांत आटोपला होता. कर्णधार मायदेशी परतला होता. अशा वेळी मेलबर्नच्या कसोटीत आपल्या संगमनेर तालुक्यातल्या आश्वी खुर्दच्या अजिंक्य रहाणेने ११२ धावा काढल्या आणि भारताने सामना जिंकला. सामनावीर म्हणून त्याच्या गळ्यात एक पदक पडले. त्याचे नाव मुल्लाघ पदक. ते त्या वर्षी पहिल्यांदाच दिले जात होते. आपण टीव्हीवर ते पाहिले आणि विसरलो. पण हा मुल्लाघ कोण होता?

१८६८ साली ऑस्ट्रेलियातून इंग्लंडला पहिला क्रिकेट संघ गेला. त्याचा कप्तान चार्ल्स लॉरेन्स हा इंग्रज होता, बाकीचे खेळाडू मात्र मूलनिवासी होते. व्हिक्टोरिया प्रांताच्या पश्चिम भागात गोऱ्यांच्या मेंढ्यांच्या वाड्यांवर राबणारी ही माणसे. ते ४७ सामने खेळले. १४ जिंकले, १४ हरले, १९ अनिर्णित राहिले. त्यांचा सर्वांत मोठा खेळाडू जॉनी मुल्लाघ. त्या एका दौऱ्यात त्याने १,६९८ धावा काढल्या आणि २४५ बळी घेतले. पण जॉनी मुल्लाघ हे त्याचे नाव नव्हतेच. तो ज्या वाडीवर वाढला, त्या वाडीचे ते नाव. त्याचे स्वतःचे नाव उनारिमिन. त्याच्या सोबत्यांची नावे तर याहून वाईट होती. कुणी 'टूपेनी', कुणी 'मॉस्किटो', कुणी 'रेड कॅप'. म्हणजे दोन पैसे, डास, लाल टोपी! खरी नावे मालकांच्या जिभेला जड जात, म्हणून ही सोपी नावे. त्यांच्यातला 'किंग कोल' त्या दौऱ्यातच लंडनमध्ये वारला आणि तिथेच पुरला गेला. कबरीतही त्याच्यासोबत गेले ते लोकांनी दिलेले नाव.

हे लोक परतले आणि त्याच वर्षी, १८६९ मध्ये, व्हिक्टोरिया सरकारने मूलनिवासींच्या 'संरक्षणाचा' कायदा केला. मूलनिवासीने कुठे राहायचे, काय काम करायचे, त्याची मुले कुणी सांभाळायची, हे सगळे आता सरकार ठरवू लागले. इंग्लंडच्या मैदानांवर टाळ्या घेऊन आलेल्या लोकांच्या पायांत घरी परतल्यावर बेड्या पडल्या.

वाचकहो, इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. ओळख झाकली जाते ती दोन तऱ्हांनी. काही वेळा माणूस स्वतः ती झाकतो. पण त्याच्या कितीतरी आधी दुसऱ्या कुणीतरी ती पुसायला घेतलेली असते. आपल्याला लपवणारा माणूस चटकन दिसतो, पुसणारा दिसत नाही.

व्हिक्टोरियाच्या पाठोपाठ इतर प्रांतांतही असेच कायदे झाले. साधारण १९१० पासून १९७० पर्यंत ऑस्ट्रेलियात मूलनिवासी मुलांना, विशेषतः मिश्र रक्ताच्या मुलांना, आईबापांपासून तोडून संस्थांमध्ये किंवा गोऱ्या कुटुंबांत ठेवण्याचे धोरण राबवले गेले. या मुलांना आज 'चोरलेल्या पिढ्या' म्हणतात. १९९७ साली मानवी हक्क आयोगाचा अहवाल आला. त्या काळात दहांतल्या एका ते तिघांतल्या एका मुलाला असे उचलले गेले असावे, असा त्यातला अंदाज आहे. पंतप्रधान केविन रुड यांनी संसदेत देशाच्या वतीने माफी मागितली ती १३ फेब्रुवारी २००८ रोजी.

अशा दिवसांत आई काय करील? टेनिसपटू इव्हॉन गुलागाँग ही न्यू साऊथ वेल्समधल्या बॅरेलन या छोट्या गावात वाढली. मेंढ्यांची लोकर कातरणाऱ्याची मुलगी. गावात चकचकीत मोटार आली की आई मुलांना लपायला सांगायची, नाहीतर 'वेल्फेअर'वाला येऊन घेऊन जाईल म्हणायची. आठवण तिनेच सांगितलेली आहे. पलंगाखाली दडणारी ही मुलगी १९७१ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, विम्बल्डन जिंकली. १९८० मध्ये आई झाल्यानंतर पुन्हा जिंकली.

दुसरे उदाहरण खेळाडूचे नाही, पण आपल्याला चटका लावणारे आहे. पर्थ शहरातली लेखिका सॅली मॉर्गन हिने १९८७ साली 'माय प्लेस' हे आत्मकथन प्रसिद्ध केले. लहानपणी शाळेत तिला विचारत, तुम्ही कुठले? आईने शिकवलेले उत्तर होते, आम्ही इंडियन आहोत! आपण मूलनिवासी आहोत, हे त्या मुलीला पुष्कळ मोठी झाल्यावर कळले. ज्या नावाने आपण इथे ताठ मानेने जगतो, ते नाव हजारो मैलांवर एक आजी आणि एक आई आपल्या लेकरांवर पांघरूण म्हणून घालत होत्या. हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले.

या आयांना मी बुजदिल म्हणू का? त्या खोटे बोलल्या का? शब्दाच्या अर्थाने बोलल्या. पण खोट्याचे पाप मोजताना ते कशासाठी बोलले गेले आणि त्यातून कुणाचे काय हिरावले गेले, हेही पाहावे लागते. दुसऱ्याचे काही लुबाडण्यासाठी बोललेले खोटे वेगळे, आणि दारात आलेल्याने आपले मूल उचलून नेऊ नये म्हणून बोललेले खोटे वेगळे. दोन्ही एकाच तराजूत तोलणारा न्याय आंधळा म्हणावा लागेल. ज्या घराला दार बंद करण्याची मुभा नाही, त्या घरातली माणसे पलंगाखाली दडणार. हा गुन्हा दडणाऱ्याचा नाही. मोटार घेऊन आला त्याचा आहे.

पण एवढ्यावर थांबलो तर तेही अर्धेच उत्तर होईल. लपवण्यात पाप नसले, तरी त्याची किंमत आहे, आणि ती बहुतेक वेळा मूल चुकवते. 'लप' म्हणताना आईच्या मनात माया असते. मुलाच्या कानावर मात्र आणखी काही पडते. आपल्यात लपवण्यासारखे काहीतरी आहे. आणि लपवण्यासारखे ते वाईटच असणार. पुढे धोका टळतो, मोटारी येणे बंद होते, पण ही समजूत मनातून जात नाही. मग मूल मोठे होऊन यशस्वी झाले, तरी कौतुक ऐकताना त्याला वाटत राहते, यांना माझे खरे कळले तर? कौतुक वरच्या पांघरुणाचे होते, आतल्या माणसापर्यंत ते पोहोचत नाही.

उर्दूत आत्मविश्वासाला 'खुद-एतमादी' म्हणतात. एतमाद म्हणजे भरवसा. त्याच्याच शेजारी दुसरा शब्द आहे, 'खुदशनासी', म्हणजे स्वतःला ओळखणे. वर्गात मी हे दोन शब्द एकाच दमात शिकवते. आता वाटते, त्यांच्यात क्रम आहे. ज्याची ओळखच नाही त्याच्यावर भरवसा कसा ठेवणार? आणि 'खुदी' या शब्दाचे पाहा. जुन्या फारसी-उर्दूत खुदी म्हणजे अहंकार, टाकून देण्याची गोष्ट. इक्बाल यांनी १९१५ मध्ये 'असरार-ए-खुदी'तून त्याच शब्दाला आत्मभानाचा, स्वत्वाचा अर्थ दिला. जी गोष्ट काल दोष म्हणून गणली जात होती, ती आज गुण म्हणून वाचता येते. शब्दाचे जे झाले ते माणसाचेही होऊ शकते. पण तसे वाचून दाखवणारा कुणीतरी भेटावा लागतो.

कॅथी फ्रीमनला तो भेटला. तिची गोष्ट मी वर्गात सांगितली खरी, पण तिचा हा भाग वगळून सांगितली. तीच माझी चूक.

कॅथीचा जन्म १९७३ सालचा, क्वीन्सलँडमधल्या मकाय गावचा. तिच्या आजीला लहानपणीच आईपासून तोडून नेले होते. आईचा जन्म पाम बेटावरचा. तिथल्या मूलनिवासींना बेट सोडायचे तर सरकारी परवानगी लागे. म्हणजे लपण्याचे आणि गप्प राहण्याचे सगळे कारण त्या घराच्या मागच्या दोन पिढ्यांपाशी होते. कॅथी स्वतः लाजरी होती. शाळकरी वयात एकदा तिने शर्यती जिंकल्या आणि बक्षिसे मिळाली तिच्या मागे राहिलेल्या गोऱ्या मुलींना. हेही तिनेच पुढे सांगितले आहे. असा अनुभव मुलाला काय शिकवतो? तू जिंकलीस तरी जिंकली नाहीस, हेच.

याच्या उलट शिकवले ते घराने. तिचे सावत्र वडील ब्रूस बार्बर तिचे पहिले प्रशिक्षक. आपण जगातले सर्वांत मोठे ॲथलीट आहोत, असे त्यांनी तिला कागदावर लिहायला लावले आणि तो कागद घरात भिंतीवर लागला. वयाच्या चौदाव्या वर्षी शाळेत करिअरविषयी विचारणाऱ्या अधिकाऱ्याला तिने सांगितले, मला ऑलिंपिकचे सुवर्णपदक जिंकायचे आहे, दुसरे काही नाही. तिची बहीण ॲन-मेरी सेरेब्रल पाल्सीने आजारी होती. आपल्याला धडधाकट पाय मिळाले आहेत, ते वाया घालवायचे नाहीत, ही जाणीव कॅथीला तिच्यामुळे झाली. १९९० मध्ये कॅथीने ऑकलंडच्या राष्ट्रकुल स्पर्धेत रिलेचे सुवर्णपदक मिळवले, तेव्हा ती सोळा वर्षांची होती. त्यानंतर काही दिवसांतच बहीण गेली.

भिंतीवरचा तो कागद मला फार महत्त्वाचा वाटतो. मुलाच्या मनात आत्मविश्वास आपोआप उगवत नाही. आधी दुसरा कुणीतरी त्याच्यावर विश्वास ठेवतो, आणि पुष्कळ दिवस ती उसनवारी चालते. मग एक दिवस मुलाला कळते की आता हे आपलेच झाले. आणि हा विश्वास ठेवणारा माणूस असा लागतो, ज्याला आपले पूर्ण नाव माहीत आहे. अर्धे नाव माहीत असलेल्याचा विश्वास अर्ध्यावरच पोहोचतो.

१९९४ साली कॅनडातल्या व्हिक्टोरिया शहरातल्या राष्ट्रकुल स्पर्धेत एकवीस वर्षांच्या कॅथीने २०० आणि ४०० मीटरच्या शर्यती जिंकल्या. ४०० मीटरनंतर तिने ऑस्ट्रेलियाच्या झेंड्याबरोबर काळा, लाल आणि पिवळ्या सूर्याचा मूलनिवासींचा झेंडाही उचलला. हा झेंडा १९७१ साली हॅरॉल्ड थॉमस यांनी बनवला. तेही लहानपणी आईबापांपासून तोडलेल्यांपैकीच. संघाचे प्रमुख आर्थर टनस्टॉल संतापले. एकच झेंडा चालेल, असे तिला बजावले गेले. २०० मीटर जिंकल्यावर तिने पुन्हा दोन्ही झेंडे उचलले. १९९५ मध्ये ऑस्ट्रेलिया सरकारने त्या झेंड्याला अधिकृत मान्यता दिली.

आणि मग २५ सप्टेंबर २०००, सिडनी. मैदानात १,१२,००० हून अधिक माणसे. कॅथी आली ती डोक्यापासून घोट्यापर्यंत अंगाला चिकटलेला पोशाख घालून. डोक्यावरही टोपरे, फक्त चेहरा उघडा. ४९.११ सेकंदांत शर्यत संपली. ती थांबली, टोपरे मागे सारले आणि ट्रॅकवरच बसली. आनंदाने उड्या मारल्या नाहीत. बराच वेळ नुसती बसून राहिली. मग बूट काढून अनवाणी, दोन्ही झेंडे घेऊन तिने मैदानाला फेरी घातली.

त्या बसण्यात मला पिढ्यांचे ओझे दिसते. पण म्हणूनच सांगते, तिचे उदाहरण दुसऱ्या मुलीच्या पाठीवर आसूड म्हणून वापरू नये. ती जिंकली होती, म्हणून जगाने दोन झेंडे सहन केले. आठवी आली असती तर?

ओळख उघड करण्याची किंमतही पाहून घेऊ. ॲडम गूड्स हा ऑस्ट्रेलियन फुटबॉलमधला थोर खेळाडू. त्याची आई 'चोरलेल्या पिढ्यां'पैकी. आपल्या समाजाचा इतिहास त्याला लहानपणी फारसा कळलाच नव्हता. नावाजलेला खेळाडू झाल्यावर त्याने मूलनिवासी अभ्यासक्रमाला नाव घातले आणि मोठेपणी शिकून घेतला. मे २०१३ मध्ये सामना चालू असताना प्रेक्षकांतून त्याला 'एप' म्हणजे माकड म्हटले गेले. म्हणणारी होती तेरा वर्षांची मुलगी. दुसऱ्या दिवशी गूड्सने सांगितले, तिला दोष देऊ नका, तिला आधाराची गरज आहे, ती हे आजूबाजूच्या जगातून शिकली आहे. २०१४ साली तो 'ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर' झाला. २०१५ मध्ये एका सामन्यात गोल केल्यावर त्याने आपल्या लोकांचे युद्धनृत्य केले. मैदानामैदानांवर त्याची आधीच चाललेली हुर्यो मग इतकी वाढली की त्या वर्षी सप्टेंबरात तो निवृत्त झाला. लीगने त्याची माफी मागितली ती २०१९ मध्ये.

ओळख लपवू नका, असा उपदेश करणाऱ्याने हे माहीत असू द्यावे. उपदेश फुकट असतो, हुर्यो ऐकणाऱ्यालाच ऐकावी लागते. आपण त्या वेळी त्याच्या बाजूला उभे राहणार नसू, तर त्याला पुढे ढकलण्याचा आपल्याला काय अधिकार?

आता पुन्हा त्या पदकाकडे येते. रहाणेनंतरच्या वर्षी, डिसेंबर २०२१ मध्ये, त्याच मैदानावर मुल्लाघ पदक मिळाले स्कॉट बोलंडला. वय ३२, पहिलीच कसोटी, चार षटके, सात धावा आणि सहा बळी. इंग्लंड ६८ धावांत सर्वबाद. हा बोलंड मूलनिवासी वंशाचा आहे, आणि ही गोष्ट त्याला कळली ती मोठेपणी. आईचे वडील दत्तक गेलेले. घराण्याचा शोध घेतला तेव्हा नाळ गुलिजान लोकांपर्यंत पोहोचली. २०१८ मध्ये, १८६८ च्या दौऱ्याच्या दीडशेव्या वर्षी, तो आणि त्याचा भाऊ मूलनिवासी संघातून इंग्लंडला जाऊनही आले. त्याने ओळख लपवली नव्हती, ती त्याच्यापासूनच लपलेली होती. सापडल्यावर त्याने ती जपून खिशात ठेवली. गळ्यात पडलेले पदक म्हणजे १८६८ च्या संघाच्या कमरपट्ट्याच्या बक्कलाची प्रतिकृती. ज्याला मालकांनी वाडीचे नाव दिले, त्या उनारिमिनच्या आठवणीचे पदक. झाकलेले नाव नाहीसे होत नाही. कुणीतरी ते जपले, विचारले, शोधले, तर ते शंभर-दीडशे वर्षांनीही परत येते. पण परत यायला त्याला सुरक्षित जागा लागते.

हेच मला त्या मुलीला सांगायचे होते. दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितलेही. म्हटले, बेटा, काल मी घाईने बोलले. लपवणारे बुजदिल नव्हते. त्यांनी लपवले म्हणून मुले घरात राहिली आणि मुले राहिली म्हणून पुढे कुणीतरी झेंडा उचलू शकले. पण ज्या दिवशी धोका नसेल त्या दिवशीही लपवत राहावे, असे मी म्हणणार नाही. धोका आहे की नाही हे ठरवण्याचा हक्क मात्र ज्याचे नाव आहे त्याचा, माझा नाही. आणि कुठेतरी एक जागा अशी हवी, जिथे तुला पूर्ण नावाने हाक मारली जाईल आणि हाक ऐकून मान खाली जाणार नाही.

ती ऐकत होती. काही बोलली नाही. शिबिरातल्या रजिस्टरात ती पुढे कोणते नाव घालणार आहे, हे मी विचारलेले नाही. विचारणारही नाही.

माझ्यापुरते मी एक केले. वर्ग मोठा, वेळ थोडा, म्हणून इतकी वर्षे मी हजेरी नंबराने घेत असे. एक, दोन, तीन. पोरी 'हाजिर' म्हणत. आता नावाने घेते. मुलीचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव. सात-आठ मिनिटे जातात. पहिले काही दिवस मुली हसल्या. आता प्रत्येक जण आपले नाव येईपर्यंत वाट पाहते आणि नाव आले की मान वर करून उत्तर देते. मागच्या बाकावरून येणारे उत्तरही मला स्वच्छ ऐकू येते.